भाऊ गेला त्या रात्री मी हसलो

"मॅडम, भाऊ गेला त्या रात्री मी हसलोय. माणूस आहे का मी?" माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले चाळिशीतले ते गृहस्थ खुर्चीच्या कडेवर बसून विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अपघातानंतर स्वतःचा शर्ट फाडून रक्त थांबवणं, गाडी अडवणं, भावाला दवाखान्यात नेणं, सगळं त्यांनीच केलं. डोळ्यांत टिपूस नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर घाईत भावाचं लाडाचं नाव लिहिलं गेलं आणि त्यांना खुदकन हसू आलं. बायकोनं ते पाहिलं. तासाभरात भाऊ गेला. रडू आलं ते तीन आठवड्यांनी, बुटाची नाडी बांधताना.

आमच्या भेटीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) हा दुसऱ्या महायुद्धावरचा सिनेमा पाहिला होता. ६ जून १९४४, फ्रान्सचा ओमाहा किनारा, अमेरिकी सैनिक उतरताहेत. लढाई ओसरल्यावर एका ज्यू सैनिकाला सोबती 'हिटलर युथ'चा, म्हणजे नाझींच्या तरुण संघटनेचा, सुरा देतो. तो त्यावर थट्टा करतो आणि त्याच दमात हुंदके देऊ लागतो. तिथं यांनी सिनेमा बंद केला.

मी त्यांना सिनेमाचा नायक कॅप्टन मिलर आठवायला सांगितला. बोटीत त्याचा हात थरथरतो. किनाऱ्यावर स्फोटांमध्ये त्याला सगळे आवाज बुजल्यासारखे होतात, तो नुसता बघत राहतो. जरा वेळानं तोच ठाम आवाजात हुकूम देतो. पुढे पथकातला वैद्यकीय जवान मरतो, तेव्हा सगळ्यांच्या नजरेआड जाऊन ढसाढसा रडतो. यातला खरा मिलर कोणता, असं कुणी विचारत नाही.

"मला हॉर्न ऐकूच येत नव्हते," ते एकदम म्हणाले. "मागे गाड्यांची रांग लागली होती म्हणे."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. जिवावर बेतलं की अ‍ॅड्रिनलीन उसळतं, काळीज धडधडतं, नजर एकाच गोष्टीवर खिळते, कान बाकीचं गाळून टाकतात. त्या घडीला दुःखाला जागाच उरत नाही. ताण अनावर झाला की हसूसुद्धा फुटतं. त्याचा प्रेमाशी काही संबंध नसतो. मायेनं भरलेली माणसं अशा वेळी हसलेली मी कितीतरी पाहिली आहेत. धोका टळला की हातपाय कापतात, रडू येतं, कुणाला त्याच रात्री, कुणाला महिन्यांनी.

तरी मी काही गोष्टी खोदून विचारल्या. तीच स्वप्नं पडतात का? प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतं का? तो रस्ता टाळता का? हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. त्यांना यातलं काही नव्हतं. बायकोच्या नजरेला नजर देता येत नव्हती, एवढंच.

पुढच्या भेटीला ते तिला घेऊन आले. फॉर्मवरचं ते नाव त्यांनी तिला सांगितलं. ते तिला ठाऊकच नव्हतं. "असं म्हणायचात तुम्ही त्यांना?" तिनं विचारलं, आणि डोळे पुसता पुसता तीही हसली.