लोकलच्या जुन्या ग्रुपमध्ये नवीन मुलींना सामावून कसं घ्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सकाळच्या बदलापूर लोकलला तुमचा अठरा जणींचा ग्रुप, दहा-बारा वर्षं जुना. आता नव्या बिल्डिंगांमधून रोज नव्या मुली येतात. तुम्हाला वाटतं त्यांना आपल्यात घ्यावं, आणि बाकीच्या म्हणतात, "आधी वर्षभर उभ्या राहू देत, मग बघू." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. १९९० साली मी हेच ऐकलंय. शब्दसुद्धा हेच.

मी कऱ्हाडची. लग्न होऊन बदलापूरला आले आणि फोर्टातल्या एका ऑफिसात लागले. नवऱ्याने पास काढून दिला, मधला लेडीज डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येतो ते दाखवलं आणि म्हणाला, गाडी इथूनच सुटते, आरामात बसायला मिळेल. बापड्याला जेंट्स डब्यापलीकडचं काय ठाऊक! मी चढले, खिडकी रिकामी दिसली, बसले. समोरची म्हणाली, "ऊठ गं. तिथे बसतात."

मी विचारलं, कोण बसतात?

"बसतात म्हणजे बसतात."

उठले. पाहते तर सीटच्या कोपऱ्यात एक घडी घातलेला रुमाल. त्या रुमालाची मालकीण अंबरनाथला चढायची! म्हणजे बदलापूरला चढलेली मी उभी, आणि पुढच्या स्टेशनवर चढणारी खिडकीत. ती आमची लीडरबाई. (नावं कुणाचीच लिहीत नाही. तशीही डब्यात आम्ही एकमेकींना स्टेशनवरूनच ओळखायचो. ठाणेवाली, दादरवाली, भायखळावाली.)

बदलापूर ते व्हीटी (आताचं सीएसएमटी) ६८ किलोमीटर. चार महिने मी ते उभ्याने काटले. दाराजवळच्या पार्टिशनला टेकून सगळं बघायचे. गुरुवारी आरत्या व्हायच्या, कुणाचं डोहाळजेवण व्हायचं, फुटाण्यांची पुडी या बाकड्यावरून त्या बाकड्यावर जायची आणि माझ्या कोपराला लागून पुढे सरकायची. मटारच्या दिवसांत सगळ्या मांडीवर पिशव्या घेऊन सोलत बसायच्या. एकदा एक शेंग माझ्या चपलेपाशी आली. मी उचलून दिली. घेतली तिने, पण मान वर केली नाही. त्या शेंगेचा राग मला अजून आहे, हसू नका.

बरं, त्या वाईट होत्या का? नव्हत्या. मी एकदा चक्कर येऊन खाली बसले तेव्हा तिघींनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या, एकीने लिमलेटची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. माणुसकी होती, फक्त सीट नव्हती.

मग एक दिवस ठाणेवालीने विचारलं, "तू कुठे उतरतेस?"

"व्हीटी."

"मग रोज माझ्यासमोर उभी राहत जा. ठाण्याला माझी सीट तुझी. कुणी विचारलं तर म्हण, सांगितलेली आहे."

ठाणं म्हणजे बरोब्बर अर्धी वाट, ३४ किलोमीटर. अर्धी तर अर्धी! आणि तिने नुसती सीट नाही दिली. दिवा सोडल्यापासून पारसिकचा बोगदा संपेपर्यंत (तेव्हा आमची फास्ट बोगद्यातून जायची) तिने मला सगळे कायदेकानून सांगितले. सीट 'सांगणे' म्हणजे काय, कुणाची सीट कुणाला लागलेली आहे, चौथ्या सीटवर (तिघींच्या बाकड्यावर चौथी म्हणून) टेकायचं असेल तर कल्याण गेल्यावरच विचारायचं, दादरवालीची सीट मागू नकोस कारण पुढे पंधरा मिनिटंच राहतात आणि ती मागणारीला सगळ्या हसतात. चार महिने ज्या चुका करून मी टोमणे खात होते, त्या चुका आहेत हेच मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं ना! मी नियम मोडतेय असं त्यांना वाटायचं, आणि मला वाटायचं या बायकांचा स्वभावच खडूस.

पुढच्या भिशीच्या वेळी तिनेच माझ्या हातात वही दिलवली. अक्षर बरं आहे हिचं, म्हणाली. एकदा वही हातात आली की आमच्यातल्या सगळ्याच जणींना माझ्याशी बोलणं भाग होतं. कुणाचे दोनशे बाकी, कुणाचा नंबर पुढच्या महिन्यात. लीडरबाईसुद्धा "अगं, माझे मांडलेस का?" म्हणून वाकून विचारायला लागली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. नव्या मुलीला पहिल्या दिवशी नियम तोंडाने सांगा आणि पहिल्या महिन्यात एखादं काम द्या. वही, आरतीची पुस्तकं, वाढदिवसाची वर्गणी, काहीही. केक कापून स्वागत वगैरे भानगडी नकोत. केक खाऊन झाला की ती पुन्हा दारातच उभी राहते.

पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही.

आत गेल्यावर मी काय केलं ते सांगते. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, पेपरात फोटो आले, अख्खी गाडी बायकांची. आमच्या डब्यात यावर काय चर्चा झाली असेल? आपल्याकडे अशी गाडी आली तर आपल्या ठरलेल्या सीटांचं काय? आणि ही शंका काढणारी मी होते. दोन वर्षांपूर्वी दारात उभी असलेली!

२००३ मध्ये एक मुलगी आली. पूर्वेकडच्या नव्या सोसायटीतली, हसरी, मोठी पर्स. माझ्या शेजारच्या जागेवर माझा रुमाल होता. तिने विचारलं, "काकू, इथे बसू?" काकू म्हणाली म्हणूनही असेल, पण मी म्हटलं, "येतेय कुणीतरी." कोण येणार होतं? त्या दिवशी कुणीच नाही. कल्याणपर्यंत ती जागा रिकामी आणि ती समोर उभी. लीडरबाईने माझ्याकडे बघून मान डोलावली, शाबास म्हटल्यासारखी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी ती दिसेनाशी झाली. नोकरी सोडली असेल म्हटलं. नंतर कळलं, ती पुढच्या लेडीज डब्यात जायला लागली होती. तिथे तिने सगळ्या नव्याच जमवल्या. त्यांच्यात म्हणे एकच नियम होता, जी आधी चढेल ती आधी बसेल आणि ठाण्याला सगळ्यांनी अदलाबदल करायची. आम्ही नाकं मुरडली. असला ग्रुप सहा महिने टिकणार नाही, असं लीडरबाई म्हणाली आणि मी दुजोरा दिला.

आमच्यातल्या एकेक रिटायर होत गेल्या. ठाणेवाली गेली, भायखळावाली मुलाकडे पुण्याला गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवायचा आमचा मोठा सोहळा असायचा. झेंडूची तोरणं, दाराला आंब्याची पानं, पूजा, मोटरमनला पेढे. २०१९ च्या दसऱ्याला आम्ही उरलो होतो चौघी. चौघींच्याही गुडघ्यांचे प्रॉब्लेम. तोरण बांधायला बाकड्यावर कोण चढणार यावर अंबरनाथ येईपर्यंत वाद चालला. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने बांधून दिलं, इयरफोन न काढता. आणि पुढच्या डब्यातून टाळ्यांचा आवाज प्लॅटफॉर्मभर येत होता. कल्याणला डोकावून पाहिलं तर नऊवारी नेसलेल्या पंचवीसेक जणी, आणि मधोमध ती २००३ ची.

माझी निवृत्ती ३० एप्रिल २०२० ची. आमच्याकडे शेवटच्या दिवशी डब्यात ओटी भरायची पद्धत होती. मी स्वतः कितीजणींची भरली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाड्याच बंद झाल्या. कोरोनाला बोल लावते मी, पण मनातून माहीत आहे की गाड्या चालू असत्या तरी ओटी भरायला तिघीच होत्या.

म्हणून तुमच्या त्या "वर्षभर उभ्या राहू देत" वाल्यांना माझ्याकडून विचारा, वर्षभर उभं राहून नेमकी कशाची परीक्षा होते? स्वभावाची? चुकीचं. परीक्षा होते गुडघ्यांची, आणि दुसरा डबा पकडायची सोय आहे की नाही याची. ज्यांना सोय आहे त्या चांगल्या पोरी निघून जातात. आम्ही सोसलं म्हणून तुम्हीही सोसा, हा सासूचा हिशेब आहे. घरातल्या सासवांनी सोडला, डब्यातल्या सोडत नाहीत.

डाऊन करून येणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अंबरनाथ, उल्हासनगरच्या बायका उलट्या गाडीने बदलापूरला बसूनच येतात, आणि बदलापूरच्या प्लॅटफॉर्मवर रांगेत असलेल्या बघत राहतात. त्यांना ग्रुपमध्ये घ्यावं का, यावर मी बोलणार नाही, कारण मी निष्पक्ष नाही. आमची लीडरबाई त्यांचीच आद्य गुरू, फक्त ती डाऊन करायचे कष्टही घेत नव्हती, रुमालावर भागवायची.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. प्रत्येक नव्या मुलीला ग्रुप हवाच असतो असं समजू नका. काहींना त्या दीड तासात झोपायचं असतं, घरी तेवढीही झोप मिळत नाही त्यांना. त्यांना सीट द्या आणि गप्प बसा. लगेच व्हॉट्सॲपवर ओढून सुप्रभात पाठवायला लागू नका. शिवाय मी सांगतेय ते सुरुवातीच्या स्टेशनचं. डोंबिवलीला चढणाऱ्यांना डब्यात पाय ठेवायला मिळाला तरी नशीब, तिथे माझं शहाणपण चालायचं नाही. आणि पहिल्या वर्षी नवीन मुलीला भिशीत ओढू नका, वही सांभाळायला द्या, पण पैसे घेऊ नका. एकदा आमच्यात त्यावरून फार वाईट झालं होतं, ते परत कधीतरी.

लीडरबाई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, अंबरनाथलाच असते. महिन्यातून एकदा फोन होतो आणि दर वेळी याच विषयावर येऊन आम्ही भांडतो. मागच्या वेळी म्हणाली, "एवढं वाईट वागवलं म्हणतेस, मग तू कशी टिकलीस गं तीस वर्षं?"

मी म्हटलं, "बाई, पुढची गाडी पाऊण तासाने होती."