जपानी लेखन अनोळखी लोकांकडून तपासून घेण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी (खालून दुसरी) पास झालात, वाचता बऱ्यापैकी येतं, पण स्वतःचं पानभर लिहायला बसलं की अडतं. तर नेटवर जपानी लोकांकडून तपासून घ्यावं का? जरूर घ्यावं. जेएलपीटीत अगदी एन-१ या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत लेखनाचा पेपरच नाही, त्यामुळे परीक्षेच्या मागे लागलं की साकुबुन, म्हणजे निबंधलेखन, आपोआप बाजूला पडतं.

लँग-८ ही २००७ साली जपानमध्ये सुरू झालेली साइट यासाठीच नावाजलेली होती. तिने २०१७ मध्ये नवी नोंदणी बंद केली. आता लँगकरेक्ट आणि हॅलोटॉक आहेत; मला लिखाणासाठी लँगकरेक्ट जास्त बरी वाटते, कारण तिथे एकेक वाक्य सुटं करून तपासलं जातं.

आपल्या मराठी माणसांचे घोळ ठरलेले असतात. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो', दोन्हीकडे आपला एकच 'त'. जपानीत मात्र राहण्याला 'नि' आणि काम करण्याला 'दे'. नियम सगळ्यांना पाठ असतो, लिहिताना निसटतो. दुसरं, 'आईला जपानला जायचंय' हे आपण सरळ 'इकिताइ देसु' करून टाकतो. दुसऱ्याच्या मनातली इच्छा तिथे अशी ठामपणे सांगत नाहीत; 'इकिताइ तो इत्ते इमासु', म्हणजे जायचंय असं ती म्हणते, असं लिहितात. पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण आपल्याच आईबद्दलच्या वाक्यावर कुणी खूण केली की ते पक्कं बसतं.

तपासणारे सहसा फार सौजन्याने वागतात. व्याकरण चुकलं नसेल तर कृत्रिम वाक्यही तसंच सोडून देतात. म्हणून लेखाच्या शेवटी 'फुशिझेन ना ह्योगेन मो नाओशिते कुदासाइ' असं आवर्जून लिहा, म्हणजे अस्वाभाविक वाटणारे शब्दप्रयोगही सुधारा. एवढ्या एका ओळीने तपासणीचा दर्जा बदलतो. 'असं का?' हे मात्र त्यांना फार विचारू नका. आपल्याला तरी 'ला' कुठे आणि का लागतो हे कुठे पटकन सांगता येतं? कारण तुमच्या सेन्सेइंना, म्हणजे शिक्षकांना, विचारा.

लेख आठ-दहा वाक्यांचाच ठेवा, लांबलचक मजकुराला कुणी हात लावत नाही. वेळही बघा: जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. रात्री जेवणं उरकून दहाला टाकलंत तर तिकडे दीड वाजलेला असतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास टाका.

आणि खरी मेहनत तपासून आल्यावर आहे. लाल-हिरव्या खुणा बघून 'आरिगातो' म्हटलं आणि पुढे गेलं, तर फारसं काही हाती लागत नाही. दोन दिवसांनी सुधारलेला लेख न बघता तोच मजकूर पुन्हा लिहून काढा, मग ताडून पाहा. जिथे पुन्हा अडाल तेवढंच वहीत उतरवा.

दुसऱ्यांचं तपासायलाही वेळ काढा. मराठी शिकणारे जपानी क्वचितच भेटतील, पण तोक्यो आणि ओसाकाच्या विद्यापीठांत हिंदी शिकवतात. तुमची हिंदी चांगली असेल तर अशा कुणाचे चार परिच्छेद मनापासून तपासून द्या. तुमचा पुढचा लेख तो माणूस स्वतःहून उघडेल.