सत्तरीच्या आई-बाबांना ओरेगनमधल्या काहनीटाच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यावं का? आईला स्विमसूट नको आहे, बाबांना बीपीची गोळी चालू आहे. आम्ही हिल्सबरोत राहतो.

जरूर न्या. मात्र आईंचे कपडे आणि बाबांचा पाण्यातला वेळ, या दोन गोष्टी निघण्याआधीच ठरवा.

आधी जागेबद्दल. काहनीटा वॉर्म स्प्रिंग्ज या, अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींसाठी राखलेल्या, आरक्षित प्रदेशात आहे आणि वॉर्म स्प्रिंग्ज, वास्को व पायूट या तीन जमातींच्या संघाच्या मालकीचं आहे. 1957 मध्ये द डॅलिस धरणामुळे कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा पाण्याखाली गेला आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारीची जागा बुडाली. त्या भरपाईतून, परक्या हातात गेलेली ही झऱ्याची जमीन त्यांनी परत विकत घेतली आणि 1964 मध्ये रिसॉर्ट उघडलं. 2018 मध्ये ते बंद पडलं, 2024 च्या उन्हाळ्यात नव्याने सुरू झालं. हे आई-बाबांना वाटेत सांगा. धरणग्रस्त म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही.

आता कपडे. वज्रेश्वरी-गणेशपुरीला बायका साडीत कुंडात उतरतात, त्यामुळे आईंना तीच सवय असणार. अमेरिकेतल्या बऱ्याच कुंडांवर सुती कपडे चालत नाहीत. सुताचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात, शिवाय भिजलेलं सुती कापड जड होऊन पायात येतं. त्यावर सोपा उपाय आहे: पोहण्यासाठीचा लांब बाह्यांचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा सदरा), त्याच कापडाची घोट्यापर्यंतची लेगिंग आणि वरून पोहण्याचा स्कर्ट. सगळं अंग झाकलं जातं आणि हा पोहण्याचाच पोशाख धरला जातो. एक माप मोठं घ्या, ओलं झाल्यावर काढायला त्रास होत नाही. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यातच. पडझड पाण्यात कमी आणि काठावरच्या ओल्या फरशीवर जास्त होते. त्या दिवशी सकाळी अंगाला तेल लावू नका. आंघोळ करूनच कुंडात उतरायचं असतं, पण तेल नुसत्या पाण्याने जात नाही आणि कुंडात तवंग धरतं.

बाबांचं जास्त जपायला हवं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो, गोळीने तो आधीच उतरवलेला असतो. त्यामुळे बसलेलं असताना छान वाटतं आणि उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांना फोन करून विचाराच. त्यांनी हो म्हटलं तर सर्वांत कोमट कुंडापासून सुरुवात करा, 104 फॅरनहाइटच्या (40 सेल्सिअस) वर जाऊ नका, एका वेळी 10 मिनिटं पुरेत. बाहेर येताना आधी दोन मिनिटं पायरीवर बसायचं, मग कठडा धरून उठायचं. गरम कुंडातून थेट थंडगार पाण्यात उडी तरुणांनी मारावी, बाबांनी नाही. मधुमेह असेल तर आणखी दोन धोके: इन्सुलिन घेतलं असेल तर उष्णतेने ते लवकर शोषलं जाऊन साखर अचानक उतरू शकते, आणि पायांची संवेदना कमी असेल तर चटका कळत नाही.

हिल्सबरोहून पावणेतीन तास धरा. रस्ता माउंट हूडवरून, हायवे 26. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे बर्फ असतो, गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे रणरणतं ऊन असतं, वणव्यांचा धूरही येतो. वयस्करांसाठी मे किंवा सप्टेंबर उत्तम. आरक्षित प्रदेशात मोकळी घोडी रस्त्यावर येतात, म्हणून काहनीटाकडे वळणारा शेवटचा पट्टा अंधारात गाठू नका. फोनला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. वॉर्म स्प्रिंग्ज गावच्या नळाचं पाणी 2019 पासून अनेकदा उकळून प्यायची सूचना निघालेली आहे, तेव्हा प्यायचं पाणी घरूनच न्या.

दिवसाच्या पासच्या वेळा आणि दर बदलतात, ते ऑनलाइन पाहून आधीच बुक करा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मुक्काम करणार असाल तर टिपी (शंकूच्या आकाराचा तंबू) मुलांना आवडेल, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाथरूम जोडून असलेली खोलीच घ्या.

रिसॉर्टच्या बाहेरची जमीन जमातींची आहे, पर्यटकांसाठी मोकळी नाही. पायवाट दिसली म्हणून शिरू नका, बेरी तोडू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मासे धरायचे तर जमातीचा परवाना लागतो, राज्याचा असला तरी. परतताना हायवे 26 वरच त्यांचं संग्रहालय आहे, 1993 पासूनचं. उघडं असण्याचे वार आधी बघा आणि दीड तास ठेवा.