मुंबईच्या आसपास गोड्या पाण्यात गळ कोठे टाकता येतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागते?

आपण नांदेडचे, गोदावरीच्या काठी गळ टाकत वाढलेले. डिसेंबरात दोन आठवड्यांसाठी मुलुंडला भावाकडे येणार आहात. या मुक्कामात गोड्या पाण्यावर कोठे बसता येईल, परवाना कोठे काढावा, हाती लागलेला मासा घरी नेता येईल का आणि स्वतःचे सामान सोबत आणावे का, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत, शिवाय नदीतल्या मोठ्या महाशीर माशाबद्दलही. मी भांडुपला राहतो आणि वीसेक वर्षे या नादात आहे, म्हणून उत्तर देतो.

परवान्याचे आधी सांगतो, कारण बाकीचे त्यावरच अवलंबून आहे. एकदा शुल्क भरले की कोणत्याही तळ्यावर बसायला मोकळे, असा एकच परवाना आपल्याकडे चालत नाही. पाणी ज्याच्या ताब्यात असेल, परवानगी त्याची घ्यावी लागते. एखादा जलाशय महापालिकेचा असतो, एखादा वनखात्याच्या हद्दीत असतो, एखाद्यातील मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, एखादे धरण वीज कंपनीचे असते आणि एखाद्या डोहाचा मालक म्हणजे चक्क देव असतो. त्यामुळे मासे कोठे आहेत याची चौकशी करण्याआधी पाणी कोणाचे आहे याची चौकशी करावी. मासे बहुतेक सगळीकडे आहेत.

मुलुंडहून सर्वांत जवळचे आणि रीतसर बसता येण्याजोगे ठिकाण म्हणजे पवई तलाव. हा तलाव १८९० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला, परंतु त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही आणि ते आजही उद्योगांसाठी व आरे दुग्ध वसाहतीसाठीच वापरले जाते. पिण्याच्या पाण्याच्या परीक्षेत तो नापास झाला म्हणूनच गळवाल्यांच्या वाट्याला आला, असे आम्ही गमतीने म्हणतो. तलाव महापालिकेच्या मालकीचा आहे. तेथील गळाची मासेमारी मात्र महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन या जुन्या संस्थेशी जोडलेली आहे. आपण सभासद नसल्यामुळे निघण्यापूर्वीच संस्थेच्या कार्यालयाशी बोलून पाहुण्यांसाठीची परवानगी, शुल्क, बसण्याची जागा आणि किती गळ वापरता येतील हे ठरवून घ्यावे. रस्त्याच्या कडेला फिरण्यासाठी केलेल्या पट्ट्यावरून काही मंडळी दोरा टाकताना दिसतील. त्यांचे पाहून आपण तेथे बसू नये; मागून येणारा-जाणारा माणूस आपल्या गळाच्या फटक्यात सापडण्याचा धोका परवानगीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

पवईत प्रामुख्याने कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी मिळतात. गोदावरीवर बसलेल्या माणसाला या माशांची ओळख करून द्यायला नको, पण साचलेल्या पाण्यात त्यांचे थर स्पष्ट असतात. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, म्हणून एकाच जागी बसून केवळ आमिषाची खोली बदलली तरी वेगळा मासा लागतो. वाहत्या नदीच्या सवयीने आपण जड शिसे लावून सगळे तळाशी बसवाल तर दिवसभर मृगळाची आणि चिलापीचीच वाट पाहावी लागेल. भुईमुगाची पेंड, भाजलेले बेसन आणि कणीक यांचा गोळा येथे चालतो. गांडूळ लावले की चिलापी आधी येते आणि आमिष साफ करून जाते. हा आफ्रिकी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता शहरातल्या जवळजवळ प्रत्येक डबक्यात त्याचे राज्य आहे. डिसेंबरच्या थंडीत रोहू-कटल्याची भूक मंदावते. त्यामुळे पहाटे पाच वाजता भावाला उठवण्याची गरज नाही. ऊन अंगावर आल्यानंतर, साधारण दहापासून दुपारपर्यंतचा काळ मला या महिन्यात अधिक फळाला आला आहे.

पवईत मगरी आहेत. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, कारण गळवाल्याने थोडी शिस्त पाळली तर त्या आपल्या वाटेला जात नाहीत. तथापि पाण्यात पाय सोडून बसणे, मासे जाळीच्या पिशवीत घालून ती काठाशी बुडवून ठेवणे आणि साफ केलेल्या माशाची आतडी तेथेच फेकणे ही तिन्ही कामे मगरीला आमंत्रण देणारी आहेत. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला दगड मारणे किंवा हुसकावणे हाही गुन्ह्याचा विषय होतो. गळाला कधी कासव लागले तर दोरा तोडून मोकळे होऊ नये. ओल्या फडक्याने धरून गळ काढावा, तो खोल असेल तर गळाच्या अगदी जवळ दोरा कापावा आणि त्याला लगेच सोडावे.

विहार आणि तुळशी या दोन तलावांचे नाव आपल्याला कोणी ना कोणी सुचवील. तेथे जाऊ नये. विहार १८६० पासून आणि तुळशी १८७९ पासून मुंबईला पिण्याचे पाणी पुरवत आहे, दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाने वेढलेले आहेत आणि सामान्य माणसाला तेथे मोकळा प्रवेश नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारी केल्यास १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो, आणि "आम्ही नुसते बसलो होतो" हे उत्तर हातात रॉड असताना कोणी ऐकत नाही. तानसा तलावाचीही तीच गोष्ट. तो अभयारण्यात आहे. मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे जलाशयही मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे असल्यामुळे तेथे सुरक्षा असते.

ठाण्याच्या तलावांबद्दल फार लिहीत नाही. ते महापालिकेचे आहेत, भर वस्तीत आहेत आणि तलावपाळीला गळ घेऊन बसण्यापेक्षा भेळ खाऊन परत यावे.

जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या धरणांचा प्रकार निराळा आहे. महाराष्ट्रात जलाशयातील मासेमारीचे हक्क साधारणपणे मत्स्यव्यवसाय विभागामार्फत स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था स्वतःच्या पैशाने मत्स्यबीज आणून सोडते, कारण रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. म्हणजे धरणात जो कटला आपल्या गळाला लागतो, तो बहुधा कोणीतरी बोटभर असताना विकत घेऊन सोडलेला असतो. ही गोष्ट मला फार उशिरा समजली. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुरबाडच्या बाजूला एका धरणावर आम्ही तिघे मित्र निवांत बसलो होतो. दुपारी एक गृहस्थ होडी वल्हवत आले. रागावले नाहीत. आमच्या पिशवीतले दोन कटले त्यांनी हाताने तोलून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "हे पोरं आम्ही दोन वर्षांपूर्वी टाकली होती." ते संस्थेचे सचिव होते. आम्ही दोन्ही माशांचे पैसे बाजारभावाने दिले, त्यांनी चहा पाजला आणि पुढे कित्येक वर्षे आम्ही आधी फोन करून, ठरलेली रक्कम देऊन त्याच धरणावर बसत आलो. आपणही असेच करावे. धरणाजवळच्या गावात ठेका कोणाकडे आहे असे विचारले की पाच मिनिटांत माणूस भेटतो. पैसे देऊन साधी पावती मागावी, म्हणजे दुसऱ्या काठावर कोणी अडवले तर दाखवता येते. संस्थेची परवानगी असली तरी बांध, सांडवा आणि दरवाजांच्या परिसरात बसता येत नाही, कारण तो भाग पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असतो.

दोनच आठवडे हाताशी असल्यामुळे ही शोधाशोध नको असेल, तर कर्जत, नेरळ, बदलापूर या पट्ट्यातली शेततळी आणि कृषी पर्यटनाची ठिकाणे पाहावीत. काही मालक पैसे घेऊन गळ टाकू देतात. नदीवर वाढलेल्या माणसाला तळ्यात सोडलेला मासा पकडणे थोडे पाणचट वाटेल, हे मान्य आहे. पण भावाची मुले सोबत असतील तर याहून सुरक्षित जागा नाही. तेथे तळ्यात "मांगूर" आहे असे सांगितले, तर तो देशी मांगूर आहे की आफ्रिकी, हे विचारावे. आफ्रिकी मांगूर, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, पाळण्यावर भारतात २००० सालापासून बंदी आहे, आणि तो गळाला लागला तर कोणत्याही ओढ्यात किंवा नदीत सोडू नये.

नदीचीच ओढ असेल तर कर्जतच्या वरच्या अंगाची उल्हास आपल्याला आवडेल. बारमाही पाण्याचे तिचे गुपित असे की घाटमाथ्यावरच्या टाटांच्या तलावांचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून खाली येऊन तिला मिळते. खोपोलीचे पाणी याच रीतीने पाताळगंगेला आणि भिऱ्याचे कुंडलिकेला मिळते. त्यामुळे या तीन नद्यांवर डिसेंबरातही पाणी असते. परंतु वीजनिर्मिती सुरू झाली की निरभ्र आकाशाखाली पाणी चढते. गोदावरीचा पूर आधी गढूळ होऊन सूचना देतो. येथे स्वच्छ पाणीच गुडघ्याचे कमरेला येते. नदीपात्रातल्या खडकावर जाऊन बसण्यापूर्वी पाणी कोणत्या वेळी सोडतात हे गावात विचारावे आणि परतीची वाट आपल्या बाजूच्या काठाला ठेवावी. या नद्यांवर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे पोटासाठी मासे धरतात. त्यांनी जाळे लावलेल्या डोहात गळ टाकू नये, एवढे सौजन्य कायद्यात लिहिलेले नसले तरी पाळावे.

आपण महाशीरबद्दलही विचारले आहे. आपल्याकडचा खडस, म्हणजे दख्खनी महाशीर, इंग्रज अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रीय नावाने नोंदवला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरचे महाशीर प्रजनन केंद्र आहे आणि तेथील पिल्ले अनेक ठिकाणी सोडली गेली आहेत. मात्र कंपनीच्या तलावांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे आणि महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे मोठे महाशीर काठावरून हाताच्या अंतरावर दिसतात, आणि तेथे गळ टाकण्याचा विचारही करू नये, कारण ते देवाचे मासे मानले जातात व गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. आपण मूठभर चुरमुरे घेऊन जा. दोन आठवड्यांच्या मुक्कामातला सर्वांत मोठा मासा आपल्याला तेथेच दिसेल.

जाळे, स्फोटके, विष यांचा आपला संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरी नियमाचा भाग म्हणून लिहितो. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. ओढ्यांत ब्लीचिंग पावडर टाकणारे आणि बॅटरीचा शॉक देणारे लोक दुर्दैवाने अजूनही भेटतात. असे काही दिसले तर तेथून उठावे आणि त्या पाण्यातला मासा खाऊ नये. जून-जुलैमधली मासेमारी बंदी आपण वाचली असेल, ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे. गोड्या पाण्यात मात्र आम्ही काही जण पहिल्या पावसापासून ऑगस्टअखेरपर्यंत स्वतःहून गळ ठेवून देतो, कारण तेव्हा मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढत असतात. रायगड-ठाण्यात ज्याला वलगण म्हणतात आणि तळकोकणात ज्यांना चढणीचे मासे म्हणतात, ते मासे चवीला अप्रतिम असतात यात शंका नाही. पण पोटात अंडी भरलेली मादी खाल्ल्यावर पुढच्या वर्षी ओढा रिकामा असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

मासा घरी नेण्याविषयी माझे मत ठाम आहे. पवईचा मासा मी खात नाही. त्या तलावात आजूबाजूचे सांडपाणी अनेक वर्षे येत आले आहे, जलपर्णीचा विळखा त्याचाच परिणाम आहे, आणि तेथे मिळालेला मासा मी ओल्या हातांनी धरून, गळ चिमट्याने काढून, लगेच परत सोडतो. कल्ल्यात बोट घालून उचललेला मासा पोहत गेलेला दिसला तरी बहुधा जगत नाही. सहकारी संस्थेच्या धरणावरचा मासा ठरलेले पैसे देऊन अवश्य न्यावा. थंड पाण्यातला डिसेंबरचा रोहू कालवणाला उत्तम असतो.

सामानापैकी रीळ, दोरा आणि गळ सोबत आणावेत. टोकामागचा उलटा काटा घासून बोथट केलेले गळ असतील तर सोडायचा मासा कमी दुखावतो. मरळीसाठी बेडूक लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे सोडावी. रबरी बेडूक पुरतो. रॉड दोन-तीन तुकड्यांत मोडणारा आणि पिशवीत मावणारा हवा. तो घेऊन सकाळी आठ ते अकरामध्ये मुलुंडहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढण्याचा प्रयत्न करू नये. अकरानंतर निघून कांजूरमार्गला उतरावे आणि तेथून रिक्षाने पवईला जावे; ऊन तेव्हा नेमके पाण्यावर आलेले असते.