काखेत ओढणारा कुर्ता

प्रश्न : यापुढे घरी शिवलेलेच कपडे घालायचे ठरवलंय. पण पहिला सरळ बाहीचा खादी कुर्ता धुतल्यावर आखूड झाला, हात वर केला की काखेत ओढतो. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बेतण्याआधी कापड आटवून घ्या. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री फिरवा. सुती कापड लांबीत सहज शेकडा ३ ते ५ आटतं. अडीच मीटरला साडेसात ते साडेबारा सेंटिमीटर. विटा-इचलकरंजीचं यंत्रमागाचं सुतीही आटतं. अस्तर असेल तर तेही भिजवा.

काख ओढते म्हणून सगळा कुर्ताच ढगळ करू नका, तो अंगावर नुसता लोंबतो. काखेत ४ इंची चौकोनी तुकडा तिरका बसवा : दोन कडा अंगाला, दोन बाहीला. माया (शिवणीबाहेर सोडायची कड) अर्धा इंच. प्रत्येक कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे शिवण थांबवून दोन टाके उलटे मारा. शिवण टोकापर्यंत नेली तर तिथे चुणी पडते, ती इस्त्रीने जात नाही. आहे तो कुर्ताही काख उसवून असाच सुधारेल. तुकडा मात्र आटवलेल्या कापडाचा हवा.

खादीला मशीनची १४ नंबरची सुई, मलमलीला ११.