त्या तीन पेशी इतक्यात टाकू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली, सोबतचे आलेखही पाहिले. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या सीए१ पट्ट्यातले पिरॅमिडल न्यूरॉन (चेतापेशी), सगळ्यांना तेवढाच करंट, तरी कुणी चार-पाच स्पाइक, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, देऊन गप्प बसतो आणि कुणी थांबायलाच तयार नाही. त्यातले तीन फारच वेगळे वागतात म्हणून आउटलायर ठरवून काढून टाकावेत, असं लॅबमध्ये ठरतंय आणि तुला ते पटत नाहीये. न पटणं बरोबर आहे. पण ‘ही जैविक विविधता आहे’ असं म्हणायचा हक्कही अजून तुला मिळालेला नाही. आधी रिगवर, म्हणजे मोजणीच्या उपकरणांच्या मांडणीवर, संशय घे. रिग निर्दोष सुटला, की मग सरासरीवर.

रिगचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुला येतं, फक्त कंटाळ्यापोटी राहून जातं. प्रत्येक पेशीचा सिरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यातला विद्युतरोध) सुरुवातीला आणि शेवटी किती होता? बाथचं, म्हणजे पेशी ज्या द्रावणात ठेवतो त्याचं, तापमान दुपारी एसी बंद पडल्यावर चढलं होतं का? दोन-तीन अंशांनीही पेशीच्या आवरणातली चॅनेल (आयनांची दारं) उघडण्या-मिटण्याचा वेग बदलतो. पेशीचं आवरण फोडून आत शिरल्यावर किती मिनिटांनी मोजलंस? पिपेटमधलं द्रावण आत मिसळत जातं आणि पेशीचा स्वतःचा ऐवज हळूहळू बाहेर जातो. सगळ्यांना एकाच मेंब्रेन व्होल्टेजवर धरून करंट दिला होतास, की ज्याच्या त्याच्या विश्रांतीच्या व्होल्टेजवरून? आणि स्लाइस, म्हणजे मेंदूचा पातळ काप, हिप्पोकॅम्पसच्या डॉर्सल (पाठीकडच्या) टोकाची की व्हेंट्रल (पोटाकडच्या)? व्हेंट्रल बाजूचे सीए१ न्यूरॉन मुळातच जास्त उत्तेजनक्षम असतात. दोन टोकांच्या स्लाइस एकाच ढिगात टाकल्यास तर त्याला ‘एकाच प्रकारच्या पेशींमधला फरक’ म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट वेगळी काढ. तीच पेशी, तोच करंट, पुन्हा पुन्हा दिला तर तिचे स्पाइक दर खेपेला किती हलतात? मेनन आणि सेजनोव्स्की यांनी १९९५ साली उंदराच्या कॉर्टेक्समधल्या न्यूरॉनवर हे दाखवलं. सपाट, स्थिर करंट दिला की स्पाइकच्या वेळा दर खेपेला घसरत जातात. तोच करंट खालीवर होणारा दिला, तर मिलिसेकंदाच्या आसपासच्या अचूकतेने स्पाइक पुन्हा त्याच जागी पडतात. म्हणजे एका पेशीचा लहरीपणा आणि दोन पेशींमधला स्वभावभेद या वेगळ्या गोष्टी आहेत. तू फक्त सपाट करंट दिला आहेस, त्यामुळे दोन्ही एकात एक मिसळून बसल्यात.

हे सगळं होऊनही फरक उरला, आणि तो उरेल असा माझा अंदाज आहे, तर खेकड्याकडे वळ. हसू नकोस. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांनी आयुष्यभर खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या जठराच्या चेतागुच्छावर काम केलं. गुच्छ इवलासा, जेमतेम तीसेक न्यूरॉनचा. त्यात एलपी नावाचा न्यूरॉन प्रत्येक खेकड्यात एकच. म्हणून ‘प्रकार तोच कशावरून?’ हा तुझ्या-माझ्या मानगुटीवर बसणारा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. त्यांच्या लॅबने २००६ साली वेगवेगळ्या खेकड्यांच्या एलपीमधले पोटॅशियमचे तीन करंट मोजले. फरक निघाला दुपटीपासून चौपटीपर्यंत! तरी सगळ्यांची स्पाइक देण्याची लय नेहमीचीच.

याच्या दोन वर्षं आधी प्रिंझ, बुशर आणि मार्डर यांनी त्या गुच्छाच्या तीन पेशींच्या मॉडेलच्या २ कोटींहून जास्त आवृत्त्या संगणकावर चालवून पाहिल्या होत्या. चॅनेल आणि सिनॅप्स (न्यूरॉनमधले जोड) यांचे आकडे एकमेकांपासून खूप दूर, आणि लय मात्र जवळपास सारखी, अशा जोड्या त्यात ढीगभर सापडल्या.

हे जमतं कसं? चिंचगुळाच्या आमटीसारखं. एकीच्या हाताने चिंच जास्त पडते, ती गूळही वाढवते. दुसरी दोन्ही बेताने घालते. चव दोन्ही घरी जमलेली. २००३ साली मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी लॉब्स्टरच्या न्यूरॉनमध्ये शाल या पोटॅशियम चॅनेलचा आरएनए टोचून तो करंट मुद्दाम वाढवला. फायरिंग मंदावायला हवं होतं, पण फारसा फरक पडला नाही. न्यूरॉनने आयएच हा आपला उलट दिशेने, उत्तेजनाकडे ढकलणारा करंट वाढवून तोल सांभाळला होता. गंमत म्हणजे काम न करणारा, मुद्दाम बिघडवलेला शाल टोचला तरी आयएच वाढलाच. म्हणजे पेशी नुसतं स्वतःचं फायरिंग बघून दुरुस्ती करत नाही, या दोन चॅनेलांचं नातं त्याआधीच कुठेतरी बांधलेलं आहे. मला हा निकाल अजूनही अस्वस्थ करतो, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला मिळते त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी असं वाटतं.

आता सरासरीचा मुद्दा. गोलोवाश, गोल्डमन, अॅबट आणि मार्डर यांचा २००२ सालचा पेपर आजच वाच. त्यांनी मॉडेल न्यूरॉनमध्ये पाच करंटचे आकडे यादृच्छिक बदलले आणि व्होल्टेजच्या दर लाटेला एकच स्पाइक देणारे तेवढे निवडले. मग त्यांच्या आकड्यांची सरासरी काढून एक न्यूरॉन बनवला. तो दर लाटेला तीन स्पाइक देऊ लागला! निवडलेल्यांपैकी एकही तसा वागत नव्हता. तुझ्या लॅबमीटिंगमध्ये बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल, हे एवढं एक सांग. मोठ्यांशी वाद घालायला असा पेपर तुझ्या मतापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तुझ्याच सीए१ न्यूरॉनबद्दल हवं असेल तर परदेशी जायची गरज नाही. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राठौर आणि नारायणन यांनी २०१४ साली मॉडेलांवर दाखवलं, की डेंड्राइटभर (न्यूरॉनच्या फांद्यांभर) चॅनेलांची मांडणी वेगवेगळी असूनही त्यांचे कार्यात्मक नकाशे, म्हणजे फांदीच्या कुठल्या जागी प्रतिसाद कसा, हे सारखे राहू शकतात.

तू पुढे विचारशील, की या फरकाचा मेंदूला फायदा काय. पद्मनाभन आणि अर्बन यांनी २०१० साली उंदराच्या घ्राणकंदातल्या (मेंदूच्या वासाच्या भागातल्या) मायट्रल पेशींना एकसारखा उत्तेजक दिला. प्रत्येकीचं उत्तर तिच्या ठेवणीप्रमाणे वेगळं आलं, आणि अशा मिश्र गटात एकसारख्या पेशींच्या गटापेक्षा दुप्पट माहिती मावत होती. छान निकाल आहे. पण म्हणून प्रत्येक फरक फायद्यासाठीच असतो असं लिहू नकोस. पुष्कळ फरक नुसता खपून जात असावा.

खपतो आहे की नाही हे अडचणीत कळतं. खेकड्याचा गुच्छ साधारण ७ ते २३ अंश सेल्सिअसपर्यंत आपली लय व्यवस्थित सांभाळतो. त्याच्या वर तापवला की ती मोडते, आणि प्रत्येक खेकड्यात वेगळ्या तऱ्हेने मोडते. तुझा पुढचा प्रयोग इथून निघतो. फायरिंग एकसारखं असलेल्या पेशी निवड, झेडडी ७२८८ हे औषध देऊन आयएच बंद कर आणि कोण किती बदलतं ते बघ. जी पेशी आयएचवर जास्त विसंबून होती ती जास्त हलली पाहिजे. हे औषध धुऊन निघता निघत नाही, म्हणून एका स्लाइसमध्ये एकच पेशी. आणि ते फार वेळ ठेवलं तर सिनॅप्सवरही परिणाम करतं, तेव्हा सिनॅप्सचे ब्लॉकर आधीच घाल. आलेखात एरर बारऐवजी प्रत्येक पेशीचा ठिपका दाखव, आणि एका प्राण्याच्या पेशींना एकच रंग दे. पहिल्या आठ-दहा पेशी झाल्या की मूळ फाइली पाठव, साफ केलेल्या नकोत.

तुझा,
सर