पुनर्मूल्यांकनानंतरही गुण कमीच राहिले, तर थेट विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते का?

थेट जाता येत नाही, आणि केवळ गुण कमी वाटतात म्हणून तर मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करावी लागते; समितीने कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय पटला नाही तर तो हाती आल्यापासून 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करायचे असते. नुसती फेरतपासणी वा फेरमोजणी मागणारे अपील ते दाखलच करून घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचा ठोस प्रसंग दाखवावा लागतो.

‘ठोस’ म्हणजे काय, हे मला मुलीच्या एम.एस्सी.च्या निकालावेळी कळले. एका विषयात तिला 80 पैकी 31 गुण पडले, म्हणजे एका गुणाने नापास. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर मुखपृष्ठावर तिच्या अक्षरात ‘पुरवण्या 2’, शेजारी पर्यवेक्षकांची सही, दोरा ओवायच्या भोकापाशी कागद फाटल्याची खूण, आणि पुरवणी मात्र एकही नाही. समितीने एका ओळीत कळवले की मूल्यांकन नियमानुसार झाले आहे. आम्ही मूल्यांकनाबद्दल विचारलेच नव्हते.

माझे मेहुणे वकील आहेत. विद्यापीठानेच नेमलेला, बैठकीमागे मानधन घेणारा माणूस विद्यापीठाविरुद्ध काय बोलणार, त्यापेक्षा सरळ उच्च न्यायालयात रिट करू, असे त्यांचे म्हणणे होते. संशय अगदीच निराधार नव्हता. लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी आयोगाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केली, तीत 157 नावे होती. आमच्याकडचे लोकपाल मात्र निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी गुणांबद्दल एक अक्षरही विचारले नाही. पुरवणी वाटपाची नोंदवही मागवली, मुलीच्या बैठक क्रमांकापुढचे दोन अनुक्रमांक मोठ्याने वाचले आणि परीक्षा विभागाच्या माणसाला विचारले, “हे दोन कागद आज कुठे आहेत?” तीन आठवड्यांनी ते दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडले. 31 चे 52 झाले.

सुधारित गुणपत्रिका आली तोवर पीएच.डी. प्रवेशाची मुदत टळून गेली होती. ते वर्ष मी तुम्हाला परत देऊ शकत नाही, हे लोकपालांनी स्वतःच सांगितले. “वर्ष गेलंच ना शेवटी?” असे मेहुणे अजूनही ऐकवतात. गेले खरे. परंतु रिटची पहिली तारीख कधी लागली असती, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

एक सांगायचे राहिले: लोकपाल शिफारस करतात. ती पाळणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, न पाळल्यास ते आयोगाला कळवतात आणि आयोग अनुदानही रोखू शकतो, पण टेबलावरची फाइल हलवणारा कारकून विद्यापीठाचाच असतो. तक्रार खोटी निघाली तर विद्यार्थ्यावरही कारवाईची शिफारस होऊ शकते. रॅगिंग आणि लैंगिक छळ यांच्या तक्रारींसाठी वेगळ्या समित्या आहेत.

तेव्हा आधी छायाप्रत मागवा, समितीकडे अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि समितीचा निर्णय आला की तो कोणालाही वाचायला देऊ नका. आमचा मेहुण्यांच्या बॅगेत 9 दिवस पडून होता. अपील शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या वेळी दाखल झाले.